तेवीस मिनिटं इकडची, तेवीस तिकडची

कॅसेट हातात आली की मी आधी ती कानाशी नेऊन हलवतो. फीत सैल असेल तर आतली चाकं खुळखुळतात. नीट ताणलेली असेल तर नुसती खुट्ट करून गप्प बसते. ही गप्प बसली. म्हणजे पाठवणाऱ्याने टपालात टाकण्याआधी ती एकदा शेवटपर्यंत नेऊन परत गुंडाळली होती. प्रती पन्नास काढल्या आहेत. पन्नास वेळा कुणीतरी डेकपाशी बसून हे केलं, आणि एक सेकंदही ऐकायच्या आधी मला त्या माणसाबद्दल आदर वाटायला लागला.

काळं कवच, त्यावर स्टिकर नाही. एका बाजूला रबरी शिक्क्याने उठवलेलं एक वर्तुळ, दुसऱ्या बाजूला दोन. कव्हरवर लिफ्टच्या वायरिंगची आकृती, झेरॉक्सची झेरॉक्स आणि तिचीही झेरॉक्स, इतक्या वेळा काढलेली की रेषा तुटून त्यांचे ठिपके झालेत. आत चार बोटं रुंदीची चिठ्ठी, एक कोरी, कमी फितीची कॅसेट (तिच्याकडे शेवटी येतो), आणि पेन्सिलीने लिहिलेलं ‘५० पैकी ३१’.

चिठ्ठीत लिहिलंय ते असं. एका लिफ्टच्या मशीनरूममध्ये चाळीस सेकंदांचं ध्वनिमुद्रण केलं आणि ते दोन कलाकारांना पाठवलं. ह्या चाळीस सेकंदांबाहेरचा एकही आवाज वापरायचा नाही. कापा, ताणा, चिरडा, काहीही करा, पण बाहेरून काही आणू नका. प्रत्येकाला तेवीस मिनिटं. काम पुरं होईपर्यंत एकमेकांचं ऐकायचं नाही. खाली एक विनंती: लिहिलंत तर नावं घालू नका, ऐकलेलं लिहा. म्हणून इथे लेबलचं, म्हणजे कॅसेट काढणाऱ्या संस्थेचं, नाव नाही आणि त्या दोघांचंही नाही.

नावं नसली की मराठीत लगेच एक अडचण उभी राहते. ‘तो’ म्हणायचं की ‘ती’? चिठ्ठी सांगत नाही, आणि मराठी वाक्य क्रियापदापाशी पोचलं की उत्तर मागतं. मी त्यांना पहिली बाजू आणि दुसरी बाजू असंच म्हणणार आहे. बाजू स्त्रीलिंगी, त्यामुळे दोघीही ‘ती’.

स्प्लिट कॅसेट म्हणजे एका बाजूला एक कलाकार, दुसऱ्या बाजूला दुसरा. इंडस्ट्रियल आणि नॉइज संगीतात, म्हणजे यंत्रांच्या आणि खरखरीच्या आवाजांतून केलेल्या संगीतात, ही जुनी रीत आहे आणि तिच्यामागे आधी व्यवहार होता. पूर्ण कॅसेट भरेल एवढं काम प्रत्येकाकडे तयार नसतं, खर्च वाटून जातो, हिचे वीस ऐकणारे तिच्यापर्यंत पोचतात. रेकॉर्ड छापायची तर साचे काढावे लागतात आणि शेकड्यांनी प्रती घ्याव्या लागतात. कॅसेटला दोन डेक आणि एक वायर पुरते. बाकी लागतो तो वेळ. ४६ मिनिटांची कॅसेट खऱ्या वेगाने पन्नासदा उतरवायची तर २३०० मिनिटं होतात, म्हणजे ३८ तास २० मिनिटं. ह्यात बिघडलेल्या प्रती धरलेल्या नाहीत.

पण मला ह्या प्रकाराकडे ओढते ती गोष्ट फितीच्या आत आहे. कॅसेटची फीत ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. तेवीस मिनिटांना सुमारे ६६ मीटर फीत लागते. ह्या रुंदीच्या एका अर्ध्या पट्ट्यावर पहिली बाजू असते आणि उरलेल्या अर्ध्यावर दुसरी, उलट्या दिशेने. मध्ये एक मिलिमीटरहूनही कमी कोरी जागा. रेकॉर्डच्या दोन बाजू एकमेकींकडे पाठ करून बसतात. कॅसेटमध्ये दोघी एकाच पृष्ठभागावर असतात, एका खाटेवर दोघं उलटसुलट झोपावीत तशा, हिचं डोकं तिच्या पायाशी. पहिलीचं शेवटचं मिनिट आणि दुसरीचं पहिलं मिनिट फितीच्या त्याच तुकड्यावर शेजारी शेजारी असतात. आपण कॅसेट उलटून घालतो तेव्हा जिथे थांबलो होतो तिथूनच परत फिरतो.

१९६३ साली फिलिप्सने बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ही कॅसेट मांडली. ती बनवणाऱ्या गटाचे प्रमुख लू ओटेन्स ह्यांनी आधी कोटाच्या खिशात मावेल एवढा लाकडी ठोकळा कापून घेतला होता आणि यंत्र त्या मापात बसवलं. बोलणं टिपून ठेवायला म्हणून निघालेली ही वस्तू. १९७९ मध्ये तास्काम कंपनीचं पोर्टास्टुडिओ १४४ हे ध्वनिमुद्रणाचं यंत्र आलं तेव्हा साध्या कॅसेटवर घरबसल्या चार ट्रॅक भरता यायला लागले. त्यासाठी दोन्ही बाजूंची जागा एकाच दिशेने वापरली आणि वेग दुप्पट केला. अशी चार ट्रॅकवाली फीत साध्या डेकवर लावली की उलटल्यावर दोन ट्रॅक मागून पुढे वाजतात. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता माझ्याबद्दल थोडं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी अकरा वर्षं खोकी छापणाऱ्या प्रेसमध्ये मशीनमन होतो. शीटफेड ऑफसेट, म्हणजे सुटा कागद एकेक करून ओढणारं छपाईचं मशीन. फीडरचे सक्कर कागद उचलताना फस-फस करतात, ग्रिपर तो पकडताना खट वाजतात, आणि ह्या दोन्हींच्या खाली सिलिंडरांची अखंड धडधड. तासाला हजारो कागद. दोन कागद एकदम ओढले गेले, म्हणजे डबल शीट गेली, की फसचा सूर किंचित जड होतो आणि हात आपोआप बटणाकडे जातो, डोळ्यांनी काही दिसण्याआधी. आम्ही मशीनशी कानानेच बोलायचो. कुरकुरतंय म्हणजे तेल घाल. खडखडतंय म्हणजे कुठेतरी सैल आहे. करकरतंय म्हणजे घासतंय, बंद कर. आणि घरघर लागली म्हणजे बेअरिंग गेलं. माणसाला लागते तीच घरघर, तेवढ्याच गांभीर्याने म्हणायचो. मराठीत आवाजांची ही नावं आहेत ती नुसती नक्कल नव्हे, त्यात निदान आहे. ज्यांना ह्या संगीतात ‘नुसता आवाज’ ऐकू येतो त्यांना मी हेच विचारतो: नुसता कुठला? कुरकुर की घरघर?

त्या अकरा वर्षांत माझा डावा कान गेला. पूर्ण नाही. यंत्रांच्या आवाजाने होणारं नुकसान बहुतेक ठिकाणी एकाच जागी सुरू होतं, चार हजार हर्ट्झच्या आसपास. माझ्या तपासणीच्या कागदावरची रेषा त्या जागी विहिरीत पडल्यासारखी खाली जाते. श, स, फ ही अक्षरं त्या कानाला कळत नाहीत. त्याजागी रात्रंदिवस एक बारीक सूं असतो. कानात घालायचे बोळे प्रेसमध्ये होते, ते घालायची सक्ती मात्र कुणी केली नाही, आणि बोळे घातले की डबल शीट ऐकू येत नाही म्हणून आम्हीही घालत नसू. प्रेस सोडली त्याला सहा वर्षं झाली. घरातले विचारतात, ज्याने कान नेला तेच परत का ऐकतोस? मला ह्याचं उत्तर नीट देता येत नव्हतं. ह्या कॅसेटमुळे थोडं देता येईल असं वाटतं.

‘इंडस्ट्रियल’ हे नाव मुळात एका लेबलचं. लंडनमध्ये १९७६ साली थ्रॉबिंग ग्रिसल ह्या चौघांच्या गटाने इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स काढलं. ‘औद्योगिक माणसांसाठी औद्योगिक संगीत’ हे त्याचं ब्रीद, ते माँटे कझाझा ह्यांनी सुचवलेलं. त्या चौघांतले क्रिस कार्टर सर्किटं स्वतः जोडायचे. पीटर क्रिस्टोफरसन ह्यांनी बऱ्याच कॅसेट-यंत्रांना कळपट्टी जोडून घेतली होती. कळ दाबली की ते यंत्र बोलायचं. पुढे ह्या गटाने आपल्या मैफलींच्या चोवीस कॅसेटी एका छोट्या सुटकेसमध्ये घालून विकायला काढल्या. चोवीस कॅसेटी, प्रत्येकी तासाभराची. मी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा वेडेपणा वाटला होता. नंतर वाटलं की पाळीवर आठ तास मशीन ऐकणाऱ्याला ह्यात नवल वाटायचं कारण नाही.

ह्या परंपरेतलं एक मला आजही मान्य नाही, ते सांगून टाकतो. इंडस्ट्रियल रेकॉर्ड्सचं बोधचिन्ह म्हणजे ऑशविट्झ ह्या नाझी मृत्युछावणीतल्या इमारतीचा काळवंडलेला फोटो. लोकांना दचकवून जागं करायचं, यंत्रयुगाचं टोक कुठे जातं ते दाखवायचं, असा त्यामागचा युक्तिवाद. पण त्यांच्यामागून आलेल्या कितीतरी कॅसेटींवर प्रेतं, गणवेश, छळाचे फोटो नुसते सजावटीसारखे आले. मेलेल्या माणसाचा फोटो कव्हरला लावणं सोपं आहे, आणि तो माणूस हो की नाही सांगायला उरलेला नसतो. म्हणून ह्या कॅसेटीवरची लिफ्टची आकृती मला जास्त धीट वाटते. रोज कुणीतरी ज्यात चढतं त्याच गोष्टीकडे ती बघायला लावते.

कॅसेटनेच हे संगीत जगभर नेलं. टोकियोत मासामी अकिता मर्झबो ह्या नावाने ऐंशीच्या दशकात स्वतःच्याच लेबलवर कॅसेटी काढून टपालाने पाठवत होते. अमेरिकेत रॉन लेसार्ड ह्यांच्या आरआररेकॉर्ड्सची ‘रीसायकल्ड म्युझिक’ मालिका तर मला फारच आवडते. बाजारातल्या जुन्या, वापरलेल्या कॅसेटी घ्यायच्या, त्यांवर नॉइज भरायचा, वरून चिकटपट्टी लावायची आणि मार्करने कलाकाराचं नाव लिहायचं. आधीचं नीट पुसलं गेलं नसेल तर खालून एखादं जुनं गोड गाणं डोकावतं.

आता पहिली बाजू.

मी रात्री ऐकली, हेडफोन न लावता, खोलीतल्या दोन स्पीकरांवर. सुरुवातीला कोऱ्या फितीची खरखर. इथे एक गोष्ट घडते जी फक्त माझ्यासारख्यांना कळेल: फितीची खरखर सुरू झाली की माझ्या कानातला सूं तिच्यात विरघळतो. मीठ पाण्यात विरघळावं तसा. वीस सेकंदं मला खरी शांतता मिळते, आणि ती खरखरीने दिलेली असते.

मग खालून एक दाब येतो. सूर म्हणण्याइतका स्पष्ट नाही. स्पीकरचा कागद हलताना दिसतो, कानाला मात्र थोडंच पोचतं. दीड मिनिटाने एक आघात होतो, इतका सावकाश की त्याचं उघडणं आणि मिटणं वेगवेगळं ऐकू येतं. एखाद्या धरणाचा दरवाजा बसावा तसा. आणि त्याच्यामागून लांबच लांब सळसळ, जी सातव्या मिनिटाला भरून येते. मला तो वारा वाटला.

तिसऱ्यांदा ऐकताना मी घड्याळ लावलं. हा मधला गाभा दहा मिनिटं चाळीस सेकंदांचा आहे. म्हणजे ६४० सेकंद, चाळीसच्या सोळा पट. पहिल्या बाजूने काय केलं ते तेव्हा लख्ख झालं. आवाज अर्ध्या वेगाने चालवला की तो दुप्पट लांबतो आणि एक सप्तक खाली उतरतो. असं लागोपाठ चार वेळा केलं की सोळा पट लांबी आणि चार सप्तकं खाली. मूळ ध्वनिमुद्रण अख्खंच्या अख्खं, एकदाच, सोळा पट सावकाश. बस एवढंच. त्याच्या आधी पाच मिनिटांची तयारी आणि नंतर पाच मिनिटं ओसरणं.

आणि आता त्या कानाची गोष्ट. मोटरची जी भणभण मशीनरूममध्ये सगळ्यात मोठी असते ती चार सप्तकं खाली गेली की माणसाच्या ऐकण्याच्या हद्दीबाहेर जाते. म्हणून तो नुसता दाब. उरतात ते आवाज जे मुळात उंच होते, बारीक होते, भणभणीखाली दबलेले होते. चार हजार हर्ट्झवरची एखादी चिरक अडीचशेवर येते. म्हणजे माझ्या डाव्या कानाच्या विहिरीत जे पडून गेलं होतं ते पहिल्या बाजूने उचलून जिथे तो कान अजून शाबूत आहे तिथे आणून ठेवलं. मी उजव्या कानावर तळहात दाबून अख्खा भाग परत ऐकला. सगळं ऐकू आलं. अकरा वर्षं ग्रिपरचा खट आणि सहा वर्षं हा सूं, आणि त्यानंतर एका अनोळखी लिफ्टमधल्या लोखंडाचे बारीक आवाज ह्या कानाला पोचले. मी पुढचा पाऊण तास तसाच बसून होतो. कॅसेट संपून डेकचं बटण केव्हाच वर आलं होतं.

दुसरी बाजू मी दुसऱ्या दिवशी ऐकली. लगेच उलटायची माझी तयारी नव्हती.

ती पहिल्या क्षणापासून धावते. कॉन्टॅक्टरचा, म्हणजे मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचा, ठक घेऊन त्याचा ठेका बांधलाय: ठक, ठक-ठक, मध्ये एक जागा रिकामी. ठेका दर काही आवर्तनांनी एका ठोक्याने लांबतो, त्यामुळे पाय धरायला जातो तोवर जागा सरकलेली असते. हे फार कौशल्याचं काम आहे. लिफ्ट मजल्याला लागताना ब्रेक जी कच खाते ती इथे समेसारखी येते, आणि कधीही अपेक्षित ठिकाणी येत नाही. खालची भणभण इथे मूळ उंचीवर आहे. सूर मोजणारा ट्यूनर लावला तर शंभर हर्ट्झच्या आसपास निघाली. विजेची भणभण तिच्या दुप्पट वाजते, म्हणजे लिफ्ट जिथे आहे तिथली वीज पन्नास हर्ट्झची. साठची असती तर एकशेवीस दाखवलं असतं, आणि डेकचा वेग इतका चुकत नाही. चिठ्ठीने जागा सांगितली नाही, भणभणीने थोडी सांगितली.

नवव्या मिनिटापासून चौदाव्यापर्यंत मात्र दुसरी बाजू मला पटली नाही. सगळं लाल दिव्यापर्यंत चढवून फितीवर दाबलंय. फीत तिच्या ताकदीबाहेर भरली की आवाज चपटा होतो, उंच टोकं गळतात, आणि एक ऊबदार गर्जना तयार होते. ह्या संगीताची ती लाडकी युक्ती आहे. पण पाच मिनिटं तोच दाब, त्यात काही उलगडत नाही. इतकं बारीक कातकाम केल्यानंतर भिंत बांधायची गरज नव्हती. शिवाय एवढा मोठा आवाज मी मुद्दाम कमी करून ऐकतो. जो कान उरलाय तो सांभाळायचा आहे, आणि ज्यांचे दोन्ही शाबूत आहेत त्यांनीही हे संगीत बेताच्या आवाजात ऐकावं असं मी हात जोडून सांगतो. चांगलं असेल तर ते लहान आवाजातही उभं राहतं.

शेवटच्या चार मिनिटांत दुसरी बाजू सगळं सोडून देते. ठेका थांबतो. भणभण गाळून टाकली जाते. उरतं ते अगदी जवळचं काहीतरी: कापड कापडावर घासल्याचा आवाज, आणि त्यानंतर नाकातून सुटलेला एक श्वास. ध्वनिमुद्रण करणारा माणूस! त्या चाळीस सेकंदांत तो उभा होता, त्याची बाही घासली, त्याने रोखून धरलेला श्वास सोडला. दुसऱ्या बाजूने तो शोधून काढला आणि चार मिनिटं तोच पुन्हा पुन्हा, दर वेळी थोडा जवळून, ठेवला.

मी तिथेच कॅसेट थांबवली आणि पहिली बाजू परत लावली. सातव्या मिनिटाची ती सळसळ. ज्याला मी वारा म्हणत होतो ती बाही होती, सोळा पट सावकाश. एका सेकंदाची हालचाल, तिथे सोळा सेकंदांची झालेली. दोघींनी एकमेकींचं ऐकलेलं नव्हतं, आणि दोघींना त्याच माणसाची बाही सापडली होती. एकीने ती इतकी मोठी केली की ओळखू येईना, दुसरीने इतकी जवळ आणली की दुसरं काही उरेना. हे दोन वेगळ्या कॅसेटींवर असतं तर माझ्या कधीच लक्षात आलं नसतं. कॅसेट उलटणारा हात मध्ये होता म्हणून आलं.

आणखी एक सापडलं. पहिली बाजू एकविसाव्या मिनिटाला संपते. उरलेली दोन मिनिटं कोरी. त्या कोऱ्या जागेत, आवाज बराच वाढवला तर, मागे काहीतरी हलतं. मला आधी वाटलं की फितीच्या गुंडाळीत एका थराचं चुंबकत्व शेजारच्या थरावर उमटतं, तसं असेल. पण तसा ठसा त्याच बाजूचा असतो आणि सरळ दिशेने वाजतो. हे मात्र उलटं होतं: आवाज फुगत फुगत यायचा आणि एकदम तुटायचा. मी ती दोन मिनिटं संगणकावर उतरवून उलटी चालवली. ठक, ठक-ठक, मध्ये रिकामी जागा. दुसरी बाजू. तिची पहिली दोन मिनिटं, शेजारच्या पट्ट्यावरून झिरपलेली. भरताना फितीला टेकणाऱ्या हेडची उंची केसभर इकडेतिकडे झाली असेल, किंवा माझ्या डेकची असेल. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मी हेड नीट करू शकलो असतो. केलं नाही. पहिली संपल्यावर खोलीत दुसरी आधीच कुजबुजायला लागते, आणि मला ती तशीच ऐकायची आहे.

आता ती कोरी कॅसेट. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहिलंय की पुढच्या स्प्लिटसाठी चाळीस सेकंद पन्नास ऐकणाऱ्यांपैकी कुणाचेही येतील. तुमच्याजवळचं एखादं यंत्र हिच्यावर टिपून परत पाठवा. चाळीस सेकंद म्हणजे फितीवर एक मीटर नव्वद सेंटिमीटर. माझ्या उंचीपेक्षा थोडी जास्त.

घरात पंखा आहे, पाण्याचा पंप आहे. दोन्ही टिपून पाहिले आणि पुसले. मला एकच यंत्र पाठवायचं होतं आणि अकरा वर्षांत मी ते एकदाही टिपून ठेवलं नव्हतं. शेवटी माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलाला फोन केला. आता त्याच मशीनवर तो मशीनमन आहे. काय हवं ते सांगितलं. त्याला विचित्र वाटलं असेल, पण त्याने का म्हणून विचारलं नाही. एवढंच म्हणाला, “दादा, फीडरजवळ धरू की डिलिव्हरीजवळ?” मी म्हटलं फीडरजवळ, आणि कानात बोळे घाल.

कॅसेट चार दिवसांनी परत आली. सक्करचा फस, ग्रिपरचा खट, खाली धडधड. सव्विसाव्या सेकंदाला डबल शीट गेली आहे, फसचा सूर जड झालाय, आणि हे टिपताना त्याने मशीन थांबवलेलं नाही, ते माझ्यासाठी. सुरुवातीला, धडधडीच्या वरून ओरडून, त्याचा आवाज आहे: “दादा, चालू झालं का?”

चिठ्ठीत फक्त यंत्र मागितलंय. ते शब्द मी पुसले नाहीत. सोमवारी कॅसेट शेवटपर्यंत नेऊन परत गुंडाळली, कानाशी हलवून पाहिली, आणि टपालात टाकली.